पोच द्या, नाहीतर परत करा

“भाऊ, मी ते मेल धाडेल शे, पन त्यासले भेटनाच नही!”

पारोळ्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तिथे हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारा बदलतो. कधी तो सरकी-ढेपेचा व्यापारी असतो, कधी पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं येईल म्हणून थांबलेली मुलगी, कधी पीकविम्याच्या तक्रारीमागे लागलेला शेतकरी. समोरून मिळणारं उत्तर मात्र ठरलेलं असतं: “स्पॅममध्ये गेला असेल.” बोरी नदीला पूर आला आणि वाट बंद झाली, अशा सुरात ते सांगितलं जातं. जणू कुणाच्याच हातात काही नव्हतं.

मागे एका प्रशिक्षणवर्गात एका जाणकार वक्त्यांनी हीच गोष्ट सिद्धान्तासारखी मांडली. मेल स्पॅममध्ये जातो तो पाठवणाऱ्याच्या अज्ञानामुळे आणि तिथे पडून राहतो तो घेणाऱ्याच्या आळसामुळे. फिल्टर आपलं काम चोख करतो, त्याला दोष देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. समोरच्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण काहीतरी खटकत होतं पण बोट ठेवता येत नव्हतं. आता येतं. फिल्टरला मेल अडवण्याचा अधिकार जरूर असावा. न सांगता अडवण्याचा नसावा. घेतला असेल तर पोच द्या, घ्यायचा नसेल तर परत करा. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगतो.

आधी त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी ३ मे १९७८ रोजी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरातीचा मेल पाठवला. नको असलेल्या मेलची कहाणी तिथून सुरू झाल्याचं मानतात. आज एकटी जीमेल दिवसाला १५ अब्जांच्या आसपास नको असलेले मेल अडवते, असं गूगल सांगतं. बँकेच्या नावाने केवायसी मागणारे, वीजबिल थकल्याची धमकी देणारे, लॉटरी लागल्याचं सांगणारे मेल मी माझ्या गिऱ्हाइकांच्या खात्यांत रोज पाहतो. ते बाहेर ठेवणारं यंत्र नसतं, तर आमच्यापैकी कितीतरी जणांची जमापुंजी गेली असती. तेव्हा फिल्टर नको, असं मी म्हणत नाही.

पण फिल्टर रचणाऱ्यांतल्या विचारी माणसांनी सुरुवातीलाच काय बजावलं होतं, तेही सांगायला हवं. ऑगस्ट २००२मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने, मेलमधल्या शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची रीत एका लेखात मांडली. पुढच्या अनेक फिल्टरांनी तीच वाट धरली. खरा मेल चुकून अडणं हे एखादा स्पॅम आत येण्यापेक्षा कितीतरी पटींनी वाईट, असं त्याने त्यात स्वच्छ सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, हिशेबातही उतरवलं: चांगल्या मेलमध्ये आलेल्या शब्दांची गणती त्याने दुप्पट धरली, म्हणजे संशयाचा फायदा मेलला मिळावा. आमच्या वक्त्यांच्या मांडणीत नेमका हाच फायदा उलटा फिरला आहे. संशय आला की अडवायचं, आणि निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं काम ज्याला आपण अडलो हेच ठाऊक नाही त्याच्या गळ्यात मारायचं.

आता एक प्रकरण जवळून दाखवतो. २०२३च्या जानेवारीत सरकी-ढेपेचे एक व्यापारी माझ्याकडे आले. एका मोठ्या खरेदीदार संस्थेने दरपत्रकं मेलने मागवली होती, मुदत शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंतची. यांनी गुरुवारी सकाळी ११ला पाठवलं. ‘सेंट’मध्ये मेल दिसत होता, परत काहीच आलं नव्हतं, म्हणून ते निश्चिंत होते. सोमवारी फोन केला तर उत्तर मिळालं, तुमचं दरपत्रक आलंच नाही. आग्रह धरल्यावर तिथल्या माणसाने शोधलं आणि म्हणाला, “अहो, स्पॅममध्ये आहे की! पण आता दर उघडून झाले.” हंगामातला मोठा सौदा तिथेच संपला.

मी त्यांना माझ्या जीमेलवर एक मेल पाठवायला सांगितलं. तो माझ्याकडेही स्पॅममध्येच पडला. मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबलं आणि ‘शो ओरिजिनल’ उघडलं. वर छोटा तक्ता असतो. त्यात एसपीएफपुढे ‘परमएरर’ लिहिलेलं होतं आणि डीकेआयएमची ओळच नव्हती. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायला कोणते सर्व्हर मुखत्यार आहेत, याची डोमेनमालकाने जाहीर केलेली यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची, दुसऱ्याला नकली करता न येणारी मोहोर. डोमेनच्या नोंदी पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. वर्षभरापूर्वी होस्टिंग बदललं होतं. नव्या माणसाने नवी एसपीएफ नोंद घातली, जुनी काढलीच नाही. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर कोणतीच मानत नाही, दोन्ही बाद करतो. आम्ही दोन्ही नोंदींतला कामाचा भाग एका ओळीत आणला, दुसरी नोंद पुसली, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डीकेआयएम चालू केलं. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल माझ्या इनबॉक्समध्ये आला.

इथे वक्ते म्हणतील, बघा, चूक पाठवणाऱ्याचीच निघाली ना? हो, नोंद चुकलेली होती. पण ती चूक सर्वांत आधी कुणाला दिसली? खरेदीदाराच्या सर्व्हरला, गुरुवारी सकाळी ११ वाजता, मेल दारात आला त्याच क्षणी. त्याने ती मेलच्या माथ्यावर लिहूनही ठेवली. मग मेल आत घेतला, बाजूला टाकला आणि व्यापाऱ्याच्या सर्व्हरला ‘मिळाला’ असं कळवलं. चूक सापडली, तिची नोंद झाली, आणि ती नोंद ज्याला सुधारता आली असती त्याच्यापासूनच दडवली गेली. गुरुवारी सकाळी कळलं असतं तर हातात अख्खा दीड दिवस होता. त्यांनी दरपत्रक दुसऱ्या खात्यावरून पाठवलं असतं, नाहीतर थेट बस पकडून जाऊन दिलं असतं. अज्ञान होतं हे खरं, पण ते त्यांच्यावर लादलेलं होतं.

‘मिळाला’ हा शब्द मी अंदाजाने वापरत नाही. मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. त्यांची २००८मध्ये सुधारलेली आवृत्ती आज चालते. मेल घेणारा सर्व्हर शेवटी एक आकडा कळवतो. २५० म्हणजे घेतला, आता जबाबदारी माझी. ५५०सारखा पाचाने सुरू होणारा आकडा म्हणजे घेत नाही, आणि त्यासोबत कारण सांगता येतं. चाराने सुरू होणारा म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा या. एकदा २५० म्हटल्यावर क्षुल्लक कारणाने मेल गमावू नये, आणि गुपचूप टाकून देणं तर फसवणुकीची पुरेपूर खात्री असेल तेव्हाच, असं हे नियमच सांगतात. पारोळ्याचा भुईकोट १७२७ साली हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, त्याला तट आहे, खंदक आहे. दारावरच्या पहारेकऱ्याला अनोळखी माणूस परत लावायचा पूर्ण हक्क होता. पण माणसाला आत घ्यायचं, कोठडीत बसवायचं आणि बाहेर थांबलेल्या त्याच्या घरच्यांना ‘पोचला बरं का’ असं सांगायचं, याला पहारा म्हणत नाहीत.

यावर पुढचा मुद्दा येतो तो आकड्यांचा. फिल्टर ९९.९ टक्के अचूक आहे, मग एवढी ओरड कशाला? पण हा आकडा आलेल्या स्पॅमपैकी किती पकडला, याचा आहे. खरे मेल किती अडले, हा वेगळा प्रश्न आहे. गूगलने २०१५मध्ये त्याचंही उत्तर दिलं होतं: हवे असलेले ०.०५ टक्क्यांहून कमी मेल स्पॅममध्ये जातात. दोन हजारांत एक. मी तो आकडा खरा धरतो. तरी तो सरासरीचा आहे, आणि ही सरासरी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. हव्या असलेल्या मेलमध्ये बँकांच्या सूचना, खरेदीच्या पावत्या, रेल्वेची तिकिटं यांचा मोठा भरणा असतो. ते पाठवणाऱ्यांकडे याच कामासाठी नेमलेली माणसं असतात, त्यांचे मेल सहसा अडत नाहीत. अडतो तो नवं डोमेन घेतलेला छोटा दुकानदार, पहिल्यांदाच मेल करणारी विद्यार्थिनी, गावातली पतसंस्था. एकोणीसशे नव्व्याण्णव पावत्या पोचल्या आणि एक दरपत्रक अडलं, तर यंत्राचा हिशेब उत्तम जमतो. व्यापाऱ्याचा मात्र हंगाम जातो.

त्यातही छोट्याचा अपराध कित्येकदा त्याचा नसतोच. स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर, शेकडो डोमेनं. त्यातल्या एकाने स्पॅम सोडला की तो पत्ता काळ्या यादीत जातो. अशा याद्या चालवणारी स्पॅमहाउससारखी संस्था १९९८पासून काम करते आहे, आणि तिचं काम मोलाचं आहे. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि ओल्याला आपण जळतो आहोत याची वर्दीही मिळत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. स्पॅमअसॅसिन हा २००१ साली आलेला मुक्त फिल्टर जगभरच्या असंख्य मेलसर्व्हरांनी वापरला. मेलला गुण देत जायचं आणि गुण ५ झाले की स्पॅम ठरवायचं, ही त्याची मूळ रीत. त्यात कोणत्या लिपींतले मेल चालतील हे प्रशासकाने निवडायची सोय आहे. मूळ मांडणीत सगळंच चालतं, पण निवडायला बसलं तर यादीत पर्याय सहाच: पाश्चात्त्य, जपानी, कोरियन, रशियन, थाई आणि चिनी. देवनागरी नाहीच. शिकून चालणाऱ्या यंत्राला ज्या भाषेचा सराव कमी, तिच्यात त्याचा अंदाज कच्चा राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यात आपणही भर घालतो. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर मेलमध्ये तसाच चिकटवला जातो, आणि पलीकडे तो रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा होऊन उमटतो. स्पॅमवाले फिल्टर चुकवायला अक्षरांची अशीच मोडतोड करतात. एवढी चूक आपण आजच सुधारू शकतो, सुधारलीच पाहिजे.

“मग घेणाऱ्याने स्पॅम फोल्डर रोज बघायला काय झालं?” हा प्रश्न कानाला रास्त वाटतो. पण ज्या कचऱ्यापासून वाचवण्यासाठी यंत्र बसवलं, तोच कचरा रोज हाताने चाळायचा असेल तर यंत्राने वाचवलं काय? आणि त्या कचऱ्यात फसवणुकीचे सापळे असतात. सत्तरीच्या शेतकऱ्याला ‘स्पॅम उघडून बघा’ असा सल्ला देताना आपण त्याला कुठे पाठवतो आहोत याचं भान हवं. शिवाय जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी पुसून टाकते. महिनाभर दवाखान्यात असलेल्या माणसाला तो मेल आल्याचं आयुष्यात कधी कळत नाही.

कायद्याची बाजू तर याहून गंभीर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम १३नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेणाऱ्याने आपला मेलपत्ता ठरवून दिलेला असेल, तर मेल त्याच्या त्या संगणकव्यवस्थेत शिरला त्या क्षणी तो मिळाला असं धरलं जातं. इनबॉक्समध्ये की स्पॅममध्ये, असा भेद त्या कलमात नाही. म्हणजे कार्यालयाची नोटीस तुमच्या स्पॅममध्ये गेली, तरी ती तुम्हाला मिळाली, असं सांगायला कार्यालय मोकळं. पण हे शस्त्र दुधारी आहे, आणि त्याची दुसरी धार आपल्या लोकांना ठाऊक नसते. कार्यालयाने स्वतः जाहीर केलेल्या पत्त्यावर तुमचा अर्ज मुदतीत शिरला असेल, तर ‘आमच्या स्पॅममध्ये गेला’ हे त्यांचं उत्तर पुरेसं होत नाही. व्यापाऱ्याला मी हेच सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे मला त्या सोमवारी माहीत पाहिजे होतं.”

आता विरोधकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण. अडवल्याचं कळवलं तर स्पॅमवाल्यालाही कळेल, तो युक्ती बदलेल. शिवाय खोट्या नावाने आलेल्या मेलचे नकार त्या नावाच्या निरपराध माणसावर जाऊन आदळतील. यातला दुसरा धोका खरा आहे, पण तो मेल आधी घेऊन मागाहून परत पाठवल्यावर उद्भवतो. दारातच, व्यवहार चालू असताना ५५० म्हटलं, तर नकार समोर उभ्या सर्व्हरलाच मिळतो, तिसऱ्याला त्रास होत नाही. आणि स्पॅमवाल्याला कळेल म्हणाल, तर त्याला आजही कळतंच. तो स्वतःची दहा खाती उघडून, त्यांवर मेल पाठवून, कुठे पडतो ते आधी तपासतो. अंधारात राहतो तो प्रामाणिक माणूस, ज्याला तपासायचं असतं हेच माहीत नसतं. म्हणून माझी मागणी बेताची आहे. ज्याची ओळखच पटत नाही त्याला दारात कारण सांगून परत लावा. ज्याची ओळख पूर्ण पटली, एसपीएफ, डीकेआयएम आणि या दोन्हींवर देखरेख करणारं डीमार्क हे तिन्ही उतरले, आणि तरीही मजकुराचा संशय आला, त्याला तसं कळवा.

हे अशक्य नाही, याचा पुरावा मोठ्या कंपन्यांनीच दिला आहे. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला ५००० हून अधिक मेल जीमेलवर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले. छोट्याला निदान पहिल्या दोहोंतलं एक तरी हवं. ओळख न पटलेला मेल जीमेल आता कारणासकट ५५०चा आकडा देऊन नाकारू शकते. असा नकार घेऊन कुणी दुकानात आलं की मला बरं वाटतं. कागदावर रोग लिहिलेला असतो, औषध देता येतं. वक्त्यांना वाटतं तसं, फिल्टर कडक झाल्याने छोट्या माणसाचं नुकसान होतंच असं नाही. नुकसान होतं ते फिल्टर मुका राहिल्याने.

“एवढं कशाला, व्हॉट्सॲप करा की!” हाही सल्ला मिळतो. व्हॉट्सॲप मीही दिवसभर वापरतो. पण ते एका कंपनीचं आवार आहे. मेल कुणा एकाचा नाही. पारोळ्याचा छोटा व्यापारी आणि मुंबईची मोठी कंपनी एकाच नियमाने त्यावर पत्र पाठवू शकतात. आमच्या गावाला रेल्वे नाही, गाडी धरायला अमळनेरला जावं लागतं. इथल्या माणसाचा लेखी शब्द खर्च न करता दूरवर पोचवणारी ही वाट आहे. ती न सांगता बंद होत असेल, तर त्याचा सर्वांत मोठा फटका लांब राहणाऱ्यांनाच बसतो.

आपल्याकडे पोच देण्याची शिस्त नवी नाही. तहसील असो की पंचायत समिती, कागद दिला की आवक-जावक नोंदवहीत नोंद होते, दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो. टपालखातंही पत्ता न सापडल्यास शेरा मारून पत्र परत पाठवतं. तोच न्याय मेलला लावा. मेलपत्ता जाहीर करणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने, आलेल्या मेलला आपोआप आवक क्रमांक धाडावा. संशयित मेल वेगळे ठेवणाऱ्या संस्थेने त्यांची यादी रोज एका माणसापुढे ठेवावी आणि त्याने ती पाहिल्याची सही असावी. मेलने निविदा मागवणाऱ्याने मुदत संपण्याआधी ‘तुमची मिळाली’ असं कळवावं, न कळवल्यास बोलायची संधी द्यावी. याला नवं यंत्र लागत नाही. आपण जबाबदार आहोत हे मान्य करावं लागतं.

ते होईपर्यंत आम्ही आमच्यापुरतं करतो आहोत. व्यापाऱ्यांच्या डोमेनच्या नोंदी तपासतो, नवं होस्टिंग घेतलं की जुनी एसपीएफ नोंद काढली का ते विचारतो, मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करतो, महत्त्वाच्या मेलनंतर फोन करायला लावतो. चुकून अडलेला मेल सापडला की ‘नॉट स्पॅम’ दाबायला आणि तो पत्ता आपल्या यादीत घालायला शिकवतो.

आणि त्या सरकीवाल्या प्रकरणानंतर मी दुकानात एक लांबट वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कुणाचा मेल, कुणाला, विषय, आणि शेवटचा रकाना: पोच. लोक मेल धाडून जातात, चार दिवसांनी परत येतात, मी वही उघडतो. पहिले पाच रकाने भरलेले असतात. सहावा भरायचं काम पलीकडच्यांचं आहे.